ग्वांगचौला नोकरीसाठी जातोय : वीचॅट आणि तिथले पैशांचे व्यवहार कसे जमवायचे?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात वर्षभराच्या करारावर चीनमधल्या ग्वांगचौला रुजू व्हायचं आहे. झेड व्हिसा (नोकरीसाठीचा चिनी व्हिसा) मिळाला आहे. तिकडे चहापासून घरभाड्यापर्यंत सगळं फोनवरून चालतं आणि ऑफिसचं बोलणंही वीचॅट या चिनी अॅपवरच होतं, हे कळलंय. पण इथे भारतात अॅप स्टोअरमध्ये वीचॅट दिसतच नाही.

नेमकं विचारायचं ते असं : खातं भारतीय नंबरवर उघडता येईल का? भारतीय बँकेचं कार्ड त्याला जोडलं तर चालतं का, आणि कुठे अडतं? पहिल्या आठवड्यात कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर करावं? चिनी बँकेत खातं उघडल्यावर नावाच्या स्पेलिंगवरून घोळ होतो असं ऐकलंय, तो काय प्रकार आहे? माहितगारांनी तपशिलात सांगितलं तर फार बरं होईल.

दक्षिणवारा

भारतीय नंबरचा विचार सोडून द्या. जून २०२० मध्ये भारत सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, त्यात वीचॅट होतं. +९१ च्या नंबरांवरची खाती त्यानंतर बंद पडली. तेव्हा तुमचा क्रम असा राहील : चिनी सिम, त्यावर वीचॅट, त्याला भारतीय कार्ड, आणि सवडीने चिनी बँक. हा क्रम उलटा होत नाही, कारण प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचा नंबर किंवा नाव मागतात.

सिम. चायना मोबाइल, चायना युनिकॉम किंवा चायना टेलिकॉम यांच्या स्वतःच्या दालनात जा, कोपऱ्यावरच्या दुकानात नको. मूळ पासपोर्ट लागतो आणि तिथेच तुमचा फोटो काढतात. दोन गोष्टी काउंटर सोडण्यापूर्वी करा. एक, कर्मचाऱ्याने तुमचं नाव कसं टाइप केलंय ते पडद्यावर बघून फोटो काढून ठेवा. दुसरी जास्त महत्त्वाची : चीनमध्ये बंद पडलेले नंबर पुन्हा विकले जातात. तुम्हाला मिळालेल्या नंबरवर आधीच्या मालकाचं वीचॅट खातं अजून जोडलेलं असू शकतं. तिथल्या तिथे नोंदणी सुरू करून बघा. ‘या नंबरवर खातं आहे’ असं आलं तर दुसरा नंबर मागा. घरी गेल्यावर हे कळलं तर निस्तरायला बराच वेळ जातो.

अॅप उतरवायचं तर अँड्रॉइडवर गूगल प्ले चिनी नेटवर्कवर उघडत नाही, म्हणून वीचॅटच्या अधिकृत संकेतस्थळावरून थेट फाइल घ्या. आयफोनवर अॅपल खात्याचा देश भारत असेल तर वीचॅट शोधूनही सापडत नाही. देश बदलावा लागतो, आणि खात्यात शिल्लक किंवा चालू वर्गणी असेल तर तो बदलू देत नाहीत. ते सगळं निघण्यापूर्वी आवरून ठेवा.

नोंदणी. नंबरवर कोड येतो, तो टाकला की बहुतेक वेळा एक क्यूआर कोड समोर येतो : जुन्या वापरकर्त्याने स्कॅन करून तुमची हमी द्यायची. इथे बरेच जण अडकतात, कारण हमी देणाऱ्यासाठीही अटी आहेत. तो चिनी वापरकर्ता असेल तर त्याचं खातं सहा महिन्यांहून जुनं हवं आणि वीचॅट पे (वीचॅटमधली पैसे देण्याची सोय) चालू हवं. परदेशी असेल तर एक महिना पुरतो. शिवाय त्याने गेल्या महिनाभरात दुसऱ्या कुणाची हमी दिलेली नसावी. कंपनीच्या एचआरने त्याच महिन्यात तुमच्या आधी आणखी कुणाला स्कॅन करून दिलं असेल, तर तिचं स्कॅन तुमच्यासाठी चालणार नाही. दोन जणांना आधीच सांगून ठेवा. पैसे घेऊन स्कॅन करून देणारे किंवा तयार खाती विकणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. अशी खाती बंद होतात आणि आतले पैसे अडकतात.

नवं खातं पहिले काही दिवस जपून वापरा. एका दिवसात पंचवीस-तीस जणांना जोडणं, भराभर गटांत शिरणं, तोच मजकूर दहा ठिकाणी पाठवणं, व्हीपीएन लावून नोंदणी करणं, दोन फोनवर आलटून पालटून लॉगिन करणं, या सगळ्यांवर यंत्रणेला संशय येतो आणि खातं गोठतं. गोठलेलं खातं सोडवायला पुन्हा मित्राचीच मदत लागते.

कार्ड. ‘मी’ मध्ये ‘सर्व्हिसेस’, त्यात ‘वॉलेट’, त्यात कार्डांचा विभाग. पासपोर्टचा तपशील भरा, कार्डाचा नंबर द्या, शेवटी सहा आकडी पेमेंट पासवर्ड ठरवा. परदेशी कार्डावर २०० युआन (चिनी चलन) पर्यंतच्या व्यवहाराला वीचॅट शुल्क लावत नाही. त्याच्या वर गेलात की ३ टक्के, आणि तेही पूर्ण रकमेवर. म्हणजे २१० युआनच्या बिलाला ६.३० युआन जास्त जातात, पण दुकानदाराने १०५ चे दोन व्यवहार करून दिले तर काहीच नाही. लहान दुकानांत विचारायला हरकत नसते.

निळी छत्री

वर नीट सांगितलंय. मी फक्त भारतीय कार्डाच्या बाजूने लिहिते, कारण चूक बहुतेकदा वीचॅटची नसते, आपल्या बँकेकडेच व्यवहार अडलेला असतो.

२०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशातले आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन्ही पर्याय सुरू करा आणि मर्यादाही वाढवा. फक्त आंतरराष्ट्रीय सुरू करून ऑनलाइन विसरलं की कार्ड जोडतानाच नकार येतो आणि कारण कळत नाही.

ओटीपी भारतीय नंबरवर येतो. म्हणून भारतीय सिम फोनमध्ये राहू द्या आणि रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्या. परदेशी पोचल्यावर ते सुरू करायलाही कधी कधी ओटीपीच मागतात. एकच सिम बसणारा फोन असेल तर हा प्रश्न आधी सोडवा.

व्हिसा कंपनीचं एक कार्ड आणि मास्टरकार्डचं एक, तेही वेगवेगळ्या बँकांचं, असं घेऊन जा. रुपेच्या भरवशावर राहू नका, आणि यूपीआय तिकडच्या दुकानात चालत नाही. ३ टक्क्यांशिवाय आपली बँक चलनबदलाचं स्वतःचं शुल्क आणि त्यावर जीएसटी लावते, म्हणून मोठी खरेदी या मार्गाने महाग पडते.

आणि अलीपे, म्हणजे पैसे देण्याचं दुसरं चिनी अॅप, आत्ताच लावून ठेवा. त्यात परदेशी नंबरवर खातं उघडता येतं, कुणाची हमी लागत नाही. कार्ड जोडून, पासपोर्टची पडताळणी करून विमानात बसा. २०२४ मध्ये या अॅपवरच्या परदेशी कार्डांची मर्यादा एका व्यवहाराला ५,००० आणि वर्षाला ५०,००० अमेरिकी डॉलर केली गेली, त्यामुळे मर्यादेची काळजी नाही. चिनी सिम आणि वीचॅट जमेपर्यंतचे पहिले दिवस अलीपेवर निघतात. मेट्रोचा कोडही त्यातच ‘ट्रान्सपोर्ट’ मध्ये शहर निवडलं की मिळतो. आत शिरताना ज्या अॅपचा कोड दाखवला त्याचाच बाहेर पडताना लागतो, म्हणून फोनची बॅटरी सांभाळा.

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. अलीपे आजच लावतो. दोन शंका उरल्या. भाजीवाला, चहावाला अशांकडे नुसता छापील कोड टांगलेला असतो, तिथे परदेशी कार्डाने पैसे जातात का? आणि सहकाऱ्यांनी मिळून जेवण केलं तर माझा वाटा मी त्यांना कसा देणार?

दक्षिणवारा

ही दोन्ही उत्तरं एकच आहेत. कोड दोन प्रकारचे असतात, व्यापाऱ्याचा आणि व्यक्तीचा. परदेशी कार्ड व्यापाऱ्याच्या कोडवर चालतं. टांगलेला कोड त्या माणसाचा वैयक्तिक असेल तर रक्कम टाकल्यावर नकार येऊ शकतो. दिसायला दोन्ही कोड सारखेच, त्यामुळे आधी ओळखता येत नाही. वीचॅटवर नकार आला तर अलीपेचा निळा कोड शेजारीच असतो तो बघा, नाहीतर रोख द्या. १, ५, १०, २० च्या नोटा खिशात ठेवा. रोख नाकारणं चीनमध्ये कायद्याने चुकीचं आहे, पण १०० च्या नोटेला सुट्टे नसतात ही खरी अडचण.

दुकानात दोन रीती आहेत. एकतर तुम्ही त्यांचा कोड स्कॅन करता आणि रक्कम स्वतः टाकता. किंवा तुम्ही तुमचा पेमेंट कोड उघडता आणि ते यंत्राने वाचतात. दुकानदार ‘वो साओ नी’ म्हणाला तर तो तुमचा कोड वाचणार आहे, ‘नी साओ वो’ म्हणाला तर तुम्ही त्याचा वाचायचा. पेमेंट कोड सतत बदलत असतो आणि ज्याच्या हाती पडेल तो त्यावर पैसे काढू शकतो. कुणीही, कितीही सभ्यपणे, त्याचा स्क्रीनशॉट किंवा खालचे आकडे मागितले तर देऊ नका.

जेवणाचा वाटा देण्यासाठी व्यक्तीकडून व्यक्तीला पैसे जायला हवेत, आणि त्याला चिनी बँकेचं कार्ड हाच भरवशाचा मार्ग आहे. पाठवलेली रक्कम समोरच्याने २४ तासांत स्वीकारली नाही तर परत येते, तेव्हा ‘पाठवले’ दिसलं म्हणजे मिळाले असं समजू नका.

रुळांवरून

बँकेचा आणि नावाचा मुद्दा राहिला.

आपल्या बहुतेकांच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. चिनी बँकेतला कर्मचारी हे तीन शब्द कोणत्याही क्रमाने भरू शकतो : आडनाव आधी, मधे जागा न सोडता, किंवा मधलं नाव गाळून. वीचॅट कार्ड जोडताना बँकेतल्या नोंदीशी अक्षर न् अक्षर पडताळतं. म्हणून खातं उघडताना कर्मचाऱ्याला पासपोर्टच्या पानाखालच्या यंत्राने वाचायच्या दोन ओळी दाखवा, आडनाव आधी मग बाकीचं, असं भरायला सांगा, आणि छापील पावतीवर नाव जसं आलंय तसंच, त्याच जागा सोडून, वीचॅटमध्ये टाका. तरीही नकार आला तर जागा काढून एकदा बघा. सारखे सारखे प्रयत्न करू नका, दिवसभरासाठी अडवतात.

बँकेत दिलेला मोबाइल नंबर आणि वीचॅटचा नंबर एकच ठेवा, कारण कोड बँकेतल्या नंबरवर येतो.

आता तारखांचं गणित. झेड व्हिसावर आल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो आणि त्या काळात पासपोर्ट पोलिसांच्या प्रवेश-निर्गम कार्यालयात जमा राहतो, १५ दिवसांपर्यंत. हाती फक्त पावती असते आणि बँक मूळ पासपोर्टच मागते. त्यामुळे सिम पहिल्या दोन दिवसांत घ्या. काही शाखा निवास परवान्याशिवाय खातं उघडत नाहीत, काही उघडतात. कंपनीचा पगार ज्या बँकेत जमा होतो त्या शाखेला एचआरकडून आधी विचारून घ्या. सोबत पोलिसांकडच्या राहण्याच्या नोंदीचा कागद ठेवा (ती नोंद पोचल्यापासून २४ तासांत करायची असते, हॉटेलात ते हॉटेलच करतं). देशातला कर क्रमांक विचारतात, तिथे पॅन द्या. परदेशी माणसाचं काम यंत्रावर होत नाही, काउंटरचाच टोकन घ्या. नव्या खात्यावर ऑनलाइन व्यवहारांची रोजची मर्यादा कमी ठेवतात. ती किती आहे हे तिथेच विचारा, नाहीतर घरभाडं देताना अडेल.

वर्षअखेरीस परतताना क्रम उलटा : आधी वीचॅटमधली शिल्लक चिनी बँकेत काढा (एकूण १,००० युआनपर्यंत शुल्क नाही, पुढे ०.१ टक्के), मग बँक खातं बंद करा, सिम शेवटी. बँक आधी बंद केली तर शिल्लक परदेशी कार्डावर काढता येत नाही. आणि गप्पा, फोटो फोनमध्येच साठतात, वीचॅटच्या सर्व्हरवर नाही. फोन बदलताना दोन्ही फोन एकाच वायफायवर ठेवून सेटिंगमधून गप्पांचं स्थलांतर करा, जुना फोन पुसण्याच्या आधी.