भावाचं कॉर्टिसॉल कमी आलंय, म्हणजे पीटीएसडी नाहीच का?

वाईची_लेक
नमस्कार मंडळी, जरा लांबडं आहे पण वाचा. धाकटा भाऊ घाटातल्या अपघातातून वाचला, शेजारच्या सीटवरचा त्याचा मित्र जागच्या जागी गेला. हाड जुळलं, फिजिओ झाली, पण अजून कुकरची शिट्टी झाली की अंग ताठ होतं, डिझेलचा वास आला की भरल्या ताटावरनं उठून जातो, रात्री घामाघूम होऊन बसतो. सायकियाट्रिस्टने पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर राहणारा मानसिक त्रास) सांगितलंय, सर्ट्रालिन ही गोळी चालू आहे, थेरपीही सुरू झालीय. घरात मात्र कुणाला पटत नाही. काकांनी परस्पर कुठल्याशा लॅबचं 'स्ट्रेस पॅकेज' करून आणलं, त्यात सकाळचं कॉर्टिसॉल रेंजच्या अगदी खालच्या टोकाला आलंय. आता काका म्हणतात बघा, स्ट्रेसचं हार्मोनच कमी आहे, नाटकं आहेत सगळी. त्यात व्हॉट्सॅपवर कुणीतरी पाठवलंय की असला धक्का जीन्समध्ये उतरतो आणि मुलाबाळांत जातो, त्याचं लग्न बघायचं चाललंय तर आईने तेच धरून ठेवलंय. मी पडले कॉमर्सवाली. यातलं खरं किती?

पेशीवाली
ताई, काकांचं लॉजिक साधं आहे पण इथे चालत नाही. धोका दिसला की मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच हे हार्मोन सोडतो, त्याने पिट्यूटरी एसीटीएच सोडते आणि मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल ओततात. पण हेच कॉर्टिसॉल परत मेंदूत जाऊन तिथल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला (कॉर्टिसॉल पकडणाऱ्या प्रोटीनला) चिकटतं आणि सांगतं, बास आता. म्हणजे स्वतःच स्वतःचा ब्रेक. रेचल येहुदा या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धातले सैनिक आणि नाझींच्या ज्यू-संहारातून वाचलेले लोक तपासले तर पीटीएसडी असलेल्यांत कॉर्टिसॉल बऱ्याचदा जास्त नाही, कमीच निघालं. मग डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्या कृत्रिम स्टिरॉइडचा अगदी छोटा, अर्ध्या मिलिग्रॅमचा डोस देऊन पाहिलं, तर त्यांचं कॉर्टिसॉल इतरांपेक्षा जास्त खाली गेलं. ब्रेक नुसता टेकवला तरी चाक जाम, असं काहीतरी. दुसरीकडे शरीराला सावध करणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनचा मारा मात्र चालूच, दचकणं घाम धडधड हे सगळं मुख्यतः त्याच्यामुळे.

पण म्हणून कमी कॉर्टिसॉल हा पीटीएसडीचा पुरावा, असंही उलट काकांना सांगायला जाऊ नका. काही अभ्यासांत ते नॉर्मल आलंय, काहींत जास्तही. ग्रुपच्या सरासरीत फरक दिसतो, एका माणसाच्या एका सकाळच्या रक्तात निदान दिसत नाही. ती टेस्ट मुळात कॉर्टिसॉल फार वाढवणाऱ्या किंवा फार कमी करणाऱ्या, कुशिंग आणि अ‍ॅडिसनसारख्या आजारांसाठी. 'स्ट्रेस पॅकेज' हे नाव लॅबच्या मार्केटिंगवाल्यांचं.

जुना_खोडकर
वरच्या मॅडमशी सहमत. अजून एक, कुणीतरी लगेच एमआरआय काढा म्हणून सांगेलच, पीटीएसडीत हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) आक्रसतो म्हणे. २००२ मध्ये गिल्बर्टसन वगैरेंनी जुळ्या भावांचा अभ्यास केला, एक व्हिएतनामला लढून आलेला, दुसरा घरीच राहिलेला. ज्याला जास्त त्रास त्याचा हिप्पोकॅम्पस लहान, पण त्याच्या घरी बसलेल्या जुळ्याचाही लहान! म्हणजे काही जणांत तरी हे युद्धाआधीपासूनच होतं. आधी काय आणि नंतर काय हे सोडवणं फार किचकट काम आहे राव.

उमरग्याचा
१९९३ च्या किल्लारी भूकंपात आमचं माळवद बसलं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले आणि पहाटे चारच्या आत सगळं संपलं. आजोबा त्यानंतर मरेपर्यंत छताखाली झोपले नाहीत, थंडीतही बाज अंगणात. त्यांचे सख्खे भाऊ त्याच ढिगाऱ्यातून निघाले आणि नव्या पत्र्याच्या घरात पहिल्या रात्रीपासून घोरायला लागले. दोघांत फरक कशाने पडला असेल?

पेशीवाली
@उमरग्याचा, तुमच्या आजोबांचं मी सांगू शकत नाही, पण या प्रश्नावर बरंच काम झालंय. पेशीत तो वर सांगितलेला कॉर्टिसॉलचा रिसेप्टर एकटा नसतो, त्याच्यासोबत एफकेबीपी५ नावाचं प्रोटीन बसलेलं असतं आणि ते कॉर्टिसॉलची पकड ढिली करतं. गंमत म्हणजे कॉर्टिसॉल वाढलं की हे प्रोटीनही जास्त बनतं, म्हणजे पेशीच्या आत अजून एक गोल चक्कर. २००८ मध्ये अटलांटात सुमारे ९०० लोकांवर झालेल्या अभ्यासात या जीनच्या काही प्रकारांनी एकट्याने काही फरक पडत नव्हता, पण लहानपणी छळ झालेला असेल तर मोठेपणी पीटीएसडीची लक्षणं जास्त तीव्र. पुढे २०१३ मध्ये दिसलं की तो धोक्याचा प्रकार आणि बालपणीचा छळ दोन्ही असले की त्या जीनवरच्या ठरावीक जागेचे मेथायल गट (डीएनएला चिकटलेल्या, जीन दाबून ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) निघून जातात आणि जीन जास्त सहज चालू होतो. पण हा एकच जीन म्हणजे सगळं नाही हं, २०२४ च्या बारा लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासात जिनोमवर ९५ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर.

आता ताईंच्या आईचा प्रश्न. तो फॉरवर्ड बहुतेक येहुदांच्याच पेपरवरून फिरतोय. त्यात त्या संहारातून वाचलेले ३२ जण आणि त्यांची २२ मुलं होती. एफकेबीपी५ वर एका जागी आईबापांत मेथायल जास्त, मुलांत उलट कमी. नमुने रक्तातले, मेंदूतले नाहीत, संख्या एवढीशी, आणि ती मुलं त्याच आईबापांच्या घरात वाढलेली, त्यामुळे शुक्राणू-बीजांडातून आलं की घरातल्या वातावरणातून हे त्यावरून ठरतच नाही. यावर कुणाचं लग्न अडवणं म्हणजे कहर आहे.

वाईची_लेक
खूप आभार सगळ्यांचे. थेरपीत त्याला तोच अपघात परत परत सांगायला लावतात, घरी आल्यावर गळून जातो, आई म्हणते जखम उकरतात. आणि काकांनी झोपेसाठी स्वतःची अल्प्राझोलम देऊ केलीय.

समुपदेशक_नाशिक
अल्प्राझोलम अजिबात नको. पीटीएसडीसाठी गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचा हा गट बहुतेक गाइडलाइन्समध्ये टाळायलाच सांगितलाय, सवय लागते ती वेगळीच. परत परत सांगणं हाच इलाज आहे, जुनी आठवण पुसली जात नाही, पण 'डिझेलचा वास आला आणि काही झालं नाही' असं नवं शिकणं तिच्यावर बसतं, आणि ते शिकायला अ‍ॅमिग्डाला (मेंदूतला भीतीचा भाग) जागा असावा लागतो, गोळीने गुंगवलेला नाही. सुरुवातीला गळून जाणं नेहमीचं, पण थेरपिस्टला हे सांगा, ते वेग कमी करतात. रात्री फारच झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीतही बोलतात.

वाईची_लेक
सांगते. अजून एक आठवलं, त्याला दमा आहे, रोजचा इनहेलर बुडेसोनाइडचा. त्याचा काही संबंध?

पेशीवाली
अहो हे आधी सांगायचं ना! ते स्टिरॉइडच आहे, डोस मोठा असेल तर अ‍ॅड्रिनल दबून सकाळचं कॉर्टिसॉल त्यानेच खाली येऊ शकतं. इनहेलर मनाने बंद करू नका, रिपोर्ट आणि इनहेलर दोन्ही घेऊन छातीच्या डॉक्टरांना दाखवा, गरज वाटली तर ते एसीटीएच देऊन पुढची टेस्ट करतील.