मदत हवी आहे: वाचनालयाची दिवाळी अंक योजना
मंडळी, आमचं तालुक्याच्या गावातलं, सरकारी वर्गवारीत ‘क’ वर्गातलं वाचनालय. यंदा दिवाळी अंक योजना पुन्हा सुरू करतोय: एकदाच वर्गणी भरायची आणि अंक आळीपाळीने घरी न्यायचे. अडचण फिरतीची आहे. गाजलेले अंक सगळ्यांनाच आधी हवे असतात आणि एकेकाकडे अडकून पडतात. तुमच्याकडे अंक किती दिवसांसाठी देतात? अनामत घेता का? गाजलेल्यांच्या दोन प्रती घ्याव्यात की जास्त वेगवेगळे अंक? मला दुसरं पटतं, कारण विज्ञानाचे, मुलांचे अंक इथल्या दुकानांत मिळतच नाहीत.

शिवाय १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन. भाषणं अजिबात नकोत, मुलांनीच मोठ्याने वाचावं असं वाटतं. पाचवी-सातवीची मुलं रमतील असा उपक्रम कोणी केला असेल, तर कृपया सविस्तर सांगा.