मत ही पक्षाची ‘अमानत’: मराठीत काय लिहावं?

तळटीप
पाकिस्तानचे माजी सिनेटर रझा रब्बानी यांच्या कारकिर्दीवरचा लेख मराठीत करते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. प्रसंग ६ जानेवारी २०१५चा. पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवरच्या हल्ल्याला तीन आठवडे झालेले. नागरिकांवर लष्करी न्यायालयांत खटले चालवायची मुभा देणारी २१वी घटनादुरुस्ती सिनेटमध्ये ७८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली. त्या ७८ मतांत रब्बानींचंही मत होतं, आणि ते दिल्यावर भर सभागृहात त्यांना रडू आलं. त्यांचं म्हणणं असं, की मत ही पक्षाची ‘अमानत’ होती, म्हणून दिलं, पण ‘जमीर’च्या (आतल्या विवेकाच्या) विरुद्ध दिलं. ‘ठेव’ लिहिलं तर बँकेतली वाटते, ‘अनामत’ लिहिलं तर निवडणुकीतली. काय करावं?

मोडीवळण
अनामतच लिहा. शब्द तोच आहे. अरबीतला ‘अमानत’ मराठीत रुळताना म आणि न यांनी जागा बदलल्या. मतलबचं मतबल, नुकसानचं नुस्कान झालं, तसंच हे. फरक एवढाच, की मतबल आणि नुस्कान बोलीत राहिले आणि अनामत प्रमाण मराठीत जाऊन बसला. धातू अ-म-न. अमीन, इमान, अमानत ही सगळी एका घरची मंडळी. महसुलातली ‘अमानी’सुद्धा त्यांच्यातलीच: मक्त्याने न देता सरकारी अंमलदारामार्फत केलेली वसुली.

उंबरठा
व्युत्पत्ती मान्य, पण आज वाचक काय वाचतो ते बघा. ‘पक्षाची अनामत’ म्हटलं की पुढचा शब्द आपोआप ‘जप्त’ येतो. लोकसभेला २५,००० रुपये भरायचे आणि पडल्यावर वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं नसली की ते गेले. उर्दूत या रकमेला ‘जमानत’ म्हणतात, त्यामुळे तिकडे ‘अमानत’ शब्दाचा नैतिक अर्थ शाबूत राहिला. आपल्याकडे अनामत पावतीपुरती उरली. ‘दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेली वस्तू’ हा अर्थ तिच्यातून गेला आहे.

कलमदान
मग ‘न्यास’ घ्या. १८६०च्या दंडसंहितेतलं ४०५ कलम पाकिस्तानात आजही त्याच क्रमांकाने आहे. त्याला उर्दूत ‘खयानत-ए-मुजरिमाना’ म्हणतात आणि मराठी कायद्याच्या भाषेत ‘फौजदारीपात्र न्यासभंग’. अमानतीच्या उलट खयानत, न्यासाच्या उलट न्यासभंग, जोडी नीट जुळते. फारसी-अरबीच्या मागे जायची गरजच नाही.

मोडीवळण
‘मत हा पक्षाचा न्यास होता’ हे वाक्य मोठ्याने वाचून बघा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागेल असं वाटतं. रडणारा माणूस हा शब्द वापरणार नाही. इमान चालतं, बेइमान चालतं, मग अमानतच का नको?

कलमदान
चालतं म्हणून सगळंच घेत गेलो तर मराठीचं स्वतःचं काय राहील? ‘विश्वास’ हा शब्द आपल्याकडे आहे, त्याच्यापासून घडवू. विश्वासठेव म्हणा.

पाणवठा
शब्द निवडण्याआधी त्या दिवशी नेमकं बंधन काय होतं ते पाहा, कारण ‘अमानत’ तिथे नुसती भावनेपोटी आलेली नाही. पाकिस्तानच्या घटनेतलं ६३-अ कलम पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा मतदान टाळणाऱ्या सदस्याला लागू होतं, तेही ठरावीक बाबींतच: पंतप्रधान किंवा मुख्यमंत्र्याची निवड, विश्वास वा अविश्वास ठराव, अर्थविधेयक आणि घटनादुरुस्ती विधेयक. पक्षप्रमुखाने आधी कारणे दाखवा नोटीस द्यायची, मग त्या सदस्याने पक्ष सोडला आहे असं पक्षप्रमुखानेच लेखी जाहीर करायचं. पीठासीन अधिकाऱ्याने दोन दिवसांत ते मुख्य निवडणूक आयुक्तांकडे पाठवायचं, आयोगाने ३० दिवसांत निकाल द्यायचा. त्यावर तेव्हा ३० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील, आणि तिथला निकाल ९० दिवसांत.

या यादीत ‘घटनादुरुस्ती विधेयक’ हे शब्द घातले २०१०च्या १८व्या घटनादुरुस्तीने. तिचा मसुदा करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते रझा रब्बानी. याच दुरुस्तीने समवर्ती सूची रद्द करून प्रांतांना अधिकार दिले, राष्ट्रपतींचा नॅशनल असेंब्ली (कनिष्ठ सभागृह) बरखास्त करण्याचा स्वेच्छाधिकार काढला, सरहद्द प्रांताला खैबर पख्तुनख्वा हे नाव दिलं. ८ एप्रिलला ती नॅशनल असेंब्लीत मंजूर झाली, १५ला सिनेटमध्ये, १९ला राष्ट्रपतींची सही. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम हेच, आणि पाच वर्षांनी त्यातल्याच एका ओळीने त्यांचे हात बांधले. ‘ठेव’ या शब्दात हे बंधन येत नाही.

उंबरठा
हे महत्त्वाचं आहे. आपल्या घटनेच्या दहाव्या अनुसूचीत (पक्षांतरबंदी) निकाल अध्यक्ष किंवा सभापती देतात आणि मुदत घातलेली नाही, त्यामुळे प्रकरणं रेंगाळतात. तिकडे पीठासीन अधिकारी नुसता टपाल पुढे पाठवतो.

पाणवठा
बंडखोराचं मत मोजायचं की नाही, यावरही तिथे वाद झाला. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन असं मत दिलं, की ते मोजायचंच नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये तो निर्णय फिरवला. आपल्याकडे मत मोजलं जातं, सदस्यत्व जातं.

तळटीप
रब्बानी १२ मार्च २०१५ला बिनविरोध निवडून आले, ते ‘सिनेटचे अध्यक्ष’ की ‘सभापती’? लेखात दोन्ही झालंय.

उंबरठा
सभापती. वरिष्ठ सभागृहाला मराठीत हाच शब्द आहे. मात्र राज्यसभेचा सभापती पदसिद्ध असतो, उपराष्ट्रपती म्हणून बसलेला. सिनेटचा सभापती सदस्यांनी आपल्यातूनच निवडलेला, तीन वर्षांसाठी. म्हणजे तो आपल्या विधान परिषदेच्या सभापतीच्या जवळचा. राष्ट्रपतिपद रिकामं झालं की काम मात्र तोच पाहतो, तेवढ्यापुरता उपराष्ट्रपतीसारखा.

कलमदान
पंचायत समितीलाही सभापतीच असतो. परदेशी पद आहे, ‘अध्यक्ष’ लिहा, गोंधळ टळेल.

उंबरठा
मग स्पीकरला काय लिहाल? नॅशनल असेंब्लीचा अध्यक्ष आणि सिनेटचा अध्यक्ष एकाच परिच्छेदात आले की वाचक हरवला.

मोडीवळण
त्यांच्या सभापतिपदाच्या काळात संसद भवनात घटनेचा इतिहास चितारलेली एक मार्गिका झाली. नाव ‘गली-ए-दस्तूर’. शब्दांसाठी भांडणाऱ्यांनी हे नाव बघावंच. उर्दूतले कर्मठ म्हणतील, गली हा देशी शब्द, त्याला फारसी इजाफत (दोन शब्द जोडणारा ‘-ए-’) लागूच शकत नाही, ‘कूचा-ए-दस्तूर’ हवं. तरी भिंतीवर गलीच आहे, आणि संसदेत आलेल्या शाळकरी मुलाला ती लगेच कळते. ‘दस्तूर’ म्हणजे तिकडे राज्यघटना. आपल्याकडे तोच शब्द ‘दस्तुरी’त दलाली झाला.

कलमदान
दस्तुरीत दलाली झाला, पण ‘दस्तुरखुद्द’मध्ये ‘दस्त’ म्हणजे हात आहे. तो वेगळा शब्द.

मोडीवळण
हात तर ‘दस्तक’मध्येही आहे. ‘दस्तुरखुद्द’मधला ‘उर’ मग कुठून आला, ते सांगा.

तळटीप
तूर्त ‘अमानत’ तशीच ठेवून पुढे ‘विश्वासाने हाती दिलेली’ असं जोडते आहे. आणि ‘जमीर’? ‘मनाविरुद्ध’ फार हलकं पडतं. ‘सदसद्विवेकबुद्धी’ त्या रडण्यात बसत नाही.

पाणवठा
‘अंतरात्मा’ म्हटलं की १९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आठवते, पक्षाच्या अधिकृत उमेदवाराऐवजी अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत देण्याची. तिथे त्या शब्दाने पक्षाचा निर्णय मोडला होता. इथे पक्षादेश पाळला गेला.