मदत हवी आहे: बोर्डिंग पासवरची सही कशी टिकवू?

मंडळी, परवा विमानतळावर तपासणीच्या रांगेत माझ्या पुढे कोण असावं? लहानपणापासून ज्यांची गाणी ऐकत आलो त्या गायिका! बूट काढताना त्यांचा तोल गेला, मी हात दिला, तेव्हा ओळखलं. बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून निघालं ते "पेन आहे का?" (तेही त्यांच्याकडेच मागितलं. असो.) हाताशी कागद म्हणजे बोर्डिंग पास. त्यावर निळ्या बॉलपेनने सही, शेवटच्या अक्षराला ही लांब शेपटी.

आता घोळ असा की हा थर्मल कागद आहे. त्यावरची छपाई शाईची नसते, उष्णतेने काळा होणारा लेप असतो, त्यामुळे ती उडत जाते. माझं नाव आत्ताच फिकटलंय. ते गेलं तर जाऊ दे, सही राहायला हवी. गरम लॅमिनेशन केलं तर अख्खा कागद काळा पडेल, म्हणून ते बाद. स्कॅन केलाय, पण स्कॅनला शेपटीखालचा पेनाचा दाब थोडाच लागतो हाताला?

पॉलिएस्टरच्या पाकिटात अंधारात ठेवू का? की भिंतीवर लावता येईल असा काही मार्ग आहे? बॉलपेनची शाईही उजेडाने उडते ना? थर्मल कागदावरची सही कुणी बरीच वर्षं जपली असेल तर कृपया सांगा.