मदत हवी आहे: जुनी थार (महिंद्राची जीप) घेतली, आधीच्या मालकाने मोठे टायर टाकलेत. कायद्याने चालतात का?

नमस्कार मंडळी,

भोरच्या पुढे आमची शेती आहे. पावसाळ्यात शेवटचा दीड किलोमीटर रस्ता म्हणजे नुसती चाकोरी. ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या खोल चऱ्या आणि मधे उंच वरंबा, त्यामुळे साधी गाडी पोटावर बसते. म्हणून गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका गृहस्थांकडून 2021 ची डिझेल थार घेतली. पैसे दिलेत, मालकी बदलायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्यात, पण गाडी अजून माझ्या नावावर व्हायची आहे.

अडचण टायरची आहे. कंपनीचं माप 255/65 आर 18, म्हणजे रुंदी 255 मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के आणि रिम 18 इंची. आधीच्या मालकाने ते काढून बाहेरचे 17 इंची अलॉय आणि 285/70 आर 17 टायर बसवलेत. गाडी दिसते झकास, त्यात वाद नाही. पण परवा हायवेला पोलिसांनी कागद बघायला थांबवलं. कागद सगळे बरोबर होते. जाता जाता हवालदार चाकाकडे बघून म्हणाले, "हे कंपनीचे नाहीत. जपून." पावती फाडली नाही, पण मनात घर करून बसलं.

घरी येऊन नीट बघितलं. स्टिअरिंग पूर्ण कापलं की पुढचा डावा टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. तळहाताएवढा भाग घासून चकचकीत झालाय. मागच्या दरवाज्यावरची स्टेपनीही त्याच मोठ्या मापाची. त्या वजनाने दरवाजा किंचित खाली बसलाय, हाताने उचलून धरल्याशिवाय खटका लागत नाही. काटा 80 वर असताना मोबाइलच्या जीपीएसवर 83 दिसतात.

आरसीवर टायरचं माप कुठेच लिहिलेलं नाही. मग गुन्हा होतो का? झाला तर माझा की आधीच्या मालकाचा? आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल का? ही गाडी वडीलही चालवतात, त्यामुळे 'चालतंय की' एवढ्यावर सोडून द्यायचं नाहीये. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

दादा, प्रश्न योग्य वेळी विचारलात, गाडी नावावर होण्याआधी.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 वाचा. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा फेरबदल मालकाने करायचा नाही, असं ते कलम सांगतं. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर निकाल दिला आणि मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत हे पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182 ए आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता वादाचा मुद्दा. कलम 52 च्या स्पष्टीकरणात फेरबदल म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला बदल, असं म्हटलंय. त्यामुळे 'टायर ही रचना नव्हे, ती झिजणारी वस्तू' असं म्हणणारे भरपूर भेटतील, आणि ते म्हणणं अगदीच पोकळ नाही. माल वाहणाऱ्या गाड्यांच्या नोंदणीत टायरचं माप असतं, खासगी गाडीच्या बाबतीत ते सहसा येत नाही, त्याचाही ते आधार घेतात. पण रस्त्यावर हा युक्तिवाद ऐकायला कोणी थांबत नाही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरच्या मापाचा आणि भारक्षमतेचा वेगळा नियम आहेच. माझ्या मते कंपनीने त्याच मॉडेलला दिलेलं दुसरं माप घातलं तर बोट ठेवायला जागा नाही. उदाहरणार्थ तुमच्या वेळच्या थारच्याच एएक्स प्रकाराला 245/75 आर 16 यायचे. तुमचं 285 मात्र कंपनीच्या कुठल्याच कागदावर नाही.

मालक बदलला की जबाबदारीही बदलते. उद्या पकडली तर 'मी बसवले नाहीत' हे उत्तर टिकेलच असं नाही.

विम्याचं म्हणाल तर बदल लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर ईमेलवर घ्या. एजंट फोनवर 'काही होत नाही साहेब' म्हणतो, त्याला काही किंमत नाही.

प्रतिसाद २

मी आकडेमोड करून बघितली. मूळ टायरचा व्यास सुमारे 789 मिलिमीटर, तुमच्या आताच्या टायरचा 831. फरक 42 मिलिमीटर, म्हणजे 5.3 टक्के. गाड्यांचे काटे मुळातच थोडा जास्त वेग दाखवतात, म्हणून 80 ला 84 ऐवजी 83 दिसले असणार. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातायत, सर्व्हिसिंगच्या वेळी ते धरा.

जमिनीपासूनची उंची वाढली किती? व्यासातल्या फरकाच्या निम्मी, 21 मिलिमीटर. बोटाच्या एका पेराएवढी. त्या बदल्यात चाक जड, ब्रेकवर जास्त ताण, गिअर लांब झाल्यासारखे (म्हणजे ओढ कमी) आणि दरवाज्याच्या बिजागऱ्या गेल्या. तुमच्या चाकोरीत 21 मिलिमीटरपेक्षा नक्षी जास्त कामाची. मूळ मापातच एटी (ऑल-टेरेन, डांबर आणि माती दोन्हीवर चालणारे) टायर मिळतात, ते टाका, हवा थोडी कमी करा आणि फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) लावा. डांबरीवर येताच हवा पुन्हा भरा.

एक धोक्याची गोष्ट सांगतो. स्टेपनीचं वजन खुपतंय म्हणून तेवढीच मूळ मापाची आणू नका. पंक्चर झाल्यावर ती लावली, आणि एक चाक 789 चं, तीन 831 ची असताना कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावलीत तर ट्रान्सफर केसवर (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीवर) सगळा पीळ येतो. थारला पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्ये तो पीळ सोडवणारा डिफरन्शिअल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही. बदलायची तर पाचही चाकं बदला.

प्रतिसाद ३

मी ब्रिस्बेनला असतो, इथलं सांगतो. ऑस्ट्रेलियात गाड्यांमधल्या बदलांसाठी व्हीएसबी 14 नावाची राष्ट्रीय नियमावली आहे. साध्या कारला मूळ मापापेक्षा 15 मिलिमीटर जास्त व्यास चालतो, खास ऑफ-रोड बनावटीच्या फोर-व्हील गाडीला 50. टायर बॉडीच्या बाहेर डोकावता कामा नये, कुठे घासता कामा नये, काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये. तुमचे 42 मिलिमीटर इथे मापात बसले असते, पण घासण्यावर आणि काटा कमी दाखवण्यावर गाडी अडकली असती.

असा एक आकडा आपल्याकडे लिहून मिळाला तर शेतकऱ्यापासून डोंगरात भटकणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल. आज चालणारं माप शोरूममधल्या माणसाला माहीत नाही, टायरवाल्याला नाही, पोलिसालाही नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. 21 मिलिमीटरचा हिशेब वाचून डोळे उघडले, मी तीन-चार इंचांचा फरक समजत होतो.

आधीच्या मालकांना फोन केला. मूळ पाचही चाकं त्यांच्या गोठ्यात ताडपत्रीखाली पडून आहेत, नक्षी निम्म्याच्या वर शिल्लक आहे. ही चाकं परत घेऊन ती द्यायला ते तयार झालेत, वरचे पैसेही मागितले नाहीत. शनिवारी बदलून आणतो. नाव बदलायचे कागद सोमवारी आरटीओत देईन, म्हणजे गाडी माझ्या नावावर होईल ती कंपनीच्या मापातच.

बिजागऱ्यांचं काय करावं? नुसत्या आवळून दरवाजा वर येतो की बदलाव्याच लागतात? कोणी हे काम करून घेतलं असेल तर सांगा.