उत्तर: प्रयोगशाळा जोडा, पण आधी विलंब मोजा

दोन देशांतल्या प्रयोगशाळा इंटरनेटने जोडून इन्व्हर्टर (सौर किंवा पवन वीज ग्रिडला, म्हणजे वीजजाळ्याला, जोडणारं यंत्र) तपासायची सूचना चांगली आहे, पण विलंबाचं गणित आधी करा. ५० हर्ट्‌झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागले, तर हाती येणारं उत्तर पाच आवर्तनं शिळं! म्हणून विजेचा तरंग जसाच्या तसा न पाठवता त्याचं आरएमएस मूल्य (परिणामी मूल्य), फेज कोन (तरंग आवर्तनात कुठवर आलाय ते) आणि जीपीएसची वेळ पाठवा. वारंवारतेचे संथ बदल त्यात नीट दिसतात. शॉर्टसर्किटची चाचणी मात्र एकाच छताखाली.

आणि इन्व्हर्टर बनवणाऱ्यांकडून संरक्षणाच्या सेटिंग्ज (बिघाडात यंत्राने काय करायचं ते ठरवणाऱ्या) मागवून घ्या. २८ सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलिया अंधारात गेलं, तेव्हा व्होल्टेज लागोपाठ कोसळल्यावर पवनचक्क्यांनी उत्पादन घटवलं ते अशाच एका सेटिंगमुळे. ग्रिड चालवणाऱ्यांना ती माहीतच नव्हती.