टेलिव्हिजन: अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. चालतं का असलं?

शब्दवेडा:
'टेलिव्हिजन' हा शब्द मला कायम खटकतो. 'टेले' म्हणजे दूर, हा ग्रीक. 'व्हिजन' आलाय लॅटिन 'व्हिडेरे'वरून, म्हणजे पाहणे. धोतरावर टाय! टेलिफोन, टेलिस्कोप बघा, दोन्ही तुकडे ग्रीक. रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन पर्स्की यांनी १९०० साली पॅरिसच्या वीज परिषदेत हा शब्द फ्रेंचमध्ये मांडला आणि इंग्रजीने तो तसाच उचलला. खुद्द ग्रीक लोक 'तिलेओरासी' म्हणतात, दोन्हीकडून ग्रीक. म्हणजे जमत होतं की.

ताकभात:
मग ऑटोमोबाईलही मोडीत काढा, 'ऑटो' ग्रीक आणि 'मोबिलिस' लॅटिन. सोशिऑलॉजीतही, म्हणजे समाजशास्त्रातही, 'सोशियस' लॅटिन, 'लॉगोस' ग्रीक. विद्यापीठांतले विभाग बंद करायचे का?

शब्दवेडा:
सोशिऑलॉजी माझ्याच बाजूचं उदाहरण आहे हो. फ्रेंच विचारवंत ऑग्यूस्त कॉन्तचा हा शब्द इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने वापरला खरा, पण 'सोयीचा रानटीपणा' असा शेरा मारूनच.

ताकभात:
'सोयीचा' म्हणाला ना? मग झालं.

निवांत:
अहो, आधी आपलं घर बघा. 'गैरसमज'मधला गैर अरबी, समज आपली. 'बेसावध'मधला बे फारसी. आणि कळस म्हणजे 'जिल्हाधिकारी'. जिल्हा अरबीतून आलेला, अधिकारी संस्कृत, आणि दोघांची गाठ मारलीय चक्क दीर्घसंधीने! विद्यालयाला जो नियम, तोच इथे. कुणाला खटकतं?

शब्दवेडा:
गैरसमज, बेसावध लोकांच्या तोंडी घडले. टेलिव्हिजन टेबलाशी बसून घडवलेला. घडवायचाच तर नीट घडवावा.

निवांत:
जिल्हाधिकारी काय गावच्या पारावर घडला? तोही सरकारी टेबलावरचाच.

शब्दवेडा:
बरं, तो दिला सोडून. पण 'दूरदर्शन' बघा. दूर संस्कृत, दर्शन संस्कृत. हे खरं काम.

ताकभात:
शब्द देखणा आहे, मान्य. पण तो सरकारी वाहिनीचं नाव होऊन बसला. 'दूरदर्शन बंद कर आणि जेवायला ये' असं तुमच्या घरात कोण म्हणतं? काय म्हणता, खरं सांगा.

शब्दवेडा:
टीव्ही.

ताकभात:
टी ग्रीक, व्ही लॅटिन. बसा आता.